चुलीमागे एक वाटा

आमच्या गावात बकरा कापला की वाटे चुलीमागे पडायचे. पळसाची पानं जमिनीवर ओळीनं मांडायची आणि गावात जेवढ्या चुली तेवढे ढीग करायचे. घरात दोन माणसं असोत की दहा, चूल एक तर वाटा एक. पाटलाच्या घरचा ढीग मोठा आणि विधवेचा लहान असं नसायचं. कलेजीसुद्धा बारीक चिरून सगळ्या ढिगांवर थोडी थोडी ठेवायचे. सगळं झालं की भुमका उभा राहायचा. भुमका म्हणजे आम्हा गोंडांमध्ये गावदेवाचं करणारा माणूस. तो विचारायचा, "झालं का गा सारखं?" मग कोणीतरी हटकून म्हणायचं, "माह्या ढिगावर हाडंच दिसून राहिले बापा." सगळे हसायचे आणि पानं उचलून आपापल्या घरी जायचे.

कोळशाच्या कंपनीनं आम्हाला हिस्सा द्यायचं ठरवलं, तेव्हा तोही आम्ही असाच वाटला. आमच्याच रीतीनं, आमच्याच तोंडानं सांगून. आणि त्यात माझ्या घराची दोन घरं झाली. कोणी फसवलं नाही. फसवलं असतं तर शिव्या देऊन मोकळी झाले असते.

मी चौथीपर्यंत शिकले. चारजणांत बोलायचं म्हटलं की माझा घसा कोरडा पडतो, लहानपणापासून. कागदावर तसं होत नाही. मागच्या आठवड्यात जाऊ नागपूरला येऊन गेली, तेव्हापासून मनात फार साचलं आहे. हे लिहिलेलं कोणाला दाखवायचं नाही.

आमचं गाव उमरेडच्या पुढे होतं. घरात सासू, भासरे म्हणजे माझ्या नवऱ्याचे मोठे भाऊ, त्यांची बायको, माझा नवरा, मी आणि दोघींचा एकेक मुलगा. सासू माझ्या वडिलांची सख्खी बहीण, म्हणून लग्नानंतरही मी तिला आत्याच म्हणायचे. माझं ऐकून जाऊही तिला आत्याच म्हणायला लागली. भासऱ्यांपुढे डोक्यावरचा पदर खाली यायचा नाही आणि त्यांच्याशी बोलायचं नाही, ही रीत. मला ती बरी पडली. नवरा मुळात कमी बोलणारा. म्हणजे बोलायला मला एक जाऊच होती.

ती माझ्याहून थोडीच मोठी, पण तिचं तोंड दोघींपुरतं होतं. उमरेडच्या बाजारात मी नुसती पिशवी धरून उभी राहायचे. ती दुकानदाराला म्हणायची, "हिले गूळ दे गा. अन् खालचा ओला नको देऊ. ही बोलत नाही म्हणून काही बी भरशील काय?" परत येताना मला म्हणायची, "माह्यावर बोलायचा खर्च चढवून राहिली तू. एखाद्या दिवशी तरी तोंड उघड वं."

तोंड मी उघडायचे, पण चुलीजवळ. पहाटे दोघी आत बसायचो. ती भाकरी थापायची, मी लाकडं पुढे सारायचे. तिथं मला घसा कोरडा पडतो हे आठवायचंसुद्धा नाही. माहेरचं, मुलाचं, नवऱ्यावरचा राग, रात्री पडलेलं स्वप्न, सगळं मी तिथं बोलायचे. आमच्यात चुलीच्या मागे घरचा देव असतो, मातीचा लहानसा ओटा. तिथं वाडवडील येऊन बसतात असं मानतात. परक्या चुलीची बाई तिथपर्यंत जात नाही. लग्न होऊन गेलेली लेकसुद्धा जात नाही. त्यामुळे ती जागा आम्हा तिघींचीच होती. आत्या कोपऱ्यात टेकून ऐकायची आणि मधेच म्हणायची, "हिले मुकी कोण म्हणते रे बापा? हिनं तं माही झोप खाल्ली."

खदान आधी गावाच्या दुसऱ्या अंगाला होती. ब्लास्टिंग झालं की माठातलं पाणी हलायचं आणि वाळत घातलेल्या मोहफुलांवर काळी धूळ बसायची. मग खदान आमच्या बाजूला सरकणार असं ठरलं. कंपनीची माणसं गावात यायला लागली. जमिनीचे पैसे वेगळे, घराचे वेगळे, ते सरकारी हिशोबानं मिळणारच होते. पण ही माणसं आणखी एक गोष्ट सांगत होती. कोळसा निघेल तोवर कंपनी कमाईतला एक भाग गावाला देईल, गाव कंपनीचा भागीदार राहील. असं कधी कोणी म्हटलं नव्हतं. भासरे घरी येऊन म्हणाले, "आपल्याले भागीदार म्हणून राहिले. उद्या खुर्चीवर बी बसवतील." आत्या म्हणाली, "खुर्चीवर बसून आपल्याच वावरातला खड्डा पाहाचा काय?"

बैठका मोहाच्या झाडाखाली व्हायच्या. कंपनीकडून एक तरुण बाई यायची. ती चांगली होती, हे मी मुद्दाम लिहिते. जमिनीवर बसायची, पाणी आमच्या लोट्यानं प्यायची, आणि कोणी बोलत असलं तर मधे तोंड घालायची नाही. हिस्सा कोणाला किती, हे तिनं गावावर सोडलं. "तुम्ही ठरवा, आम्ही तसंच करू," म्हणाली.

मग जे सुरू झालं ते विचारू नये. ज्यांची शेती मोठी ते म्हणत, जमिनीप्रमाणे द्या. एक बिनजमिनीचा माणूस उठून म्हणाला, "अन् आमी काय फक्त धूळ खावी काय? खोकला तं सगळ्याइले बराबर येते." कोणी रेशनकार्डाचं काढलं, तर एक म्हातारी म्हणाली, "माह्या कार्डावर माही मेलेली सासू अजून जेवून राहिली. तिचा हिस्सा कोण नेईल?" झाडाखाली सगळे खदाखदा हसले. ती कंपनीची बाईही हसली.

तेव्हा भुमका म्हणाला, "एवढं काहून भांडता गा? बकऱ्याचे वाटे कसे घालता? तसेच घाला."

बाईनं विचारलं, "म्हणजे कसे?" भुमक्यानं सांगितलं. मोठ्या घरात तोंडं जास्त, पण काम करणारे हातही जास्त. एकट्या म्हातारीला तोंड एक, पण हात कोणाचेच नाहीत. म्हणून चुलीमागे वाटा बराबर. बाईला ते फार आवडलं. तिनं पुन्हा पुन्हा विचारून घेतलं. ती म्हणाली, "हे कुठल्या पुस्तकात नाही मिळत." आम्हाला सगळ्यांना अंगभर बरं वाटलं. शहरातल्या माणसांनी आमची रीत ऐकली, तशीच घेतली. मी मागे बायकांत बसले होते. जाऊनं मला कोपर मारलं, "पाह्य, आपली चूल कंपनीत गेली." मला अजून तिचा तो हसरा चेहरा दिसतो.

तर ठरलं ते असं. दरवर्षी चुलीमागे काही रक्कम बँकेत जमा होणार. गावाला पाण्याची टाकी. आणि प्रत्येक चुलीतल्या एका मुलाला नागपूरला राहून मशीनचं काम शिकायला मिळणार, पुढे नोकरीही. एका पिढीत एका चुलीतून एकच. जागा सगळ्यांना पुरवायच्या म्हणून तसं.

पहिल्या वर्षी जाऊचा मुलगा गेला. तोच मोठा होता. मला काही वाटलं नाही, खरंच नाही. त्याची पेटी मीच भरली.

दुसऱ्या वर्षापासून गावात चुली उगवायला लागल्या. ज्यांचे भाऊ भांडत होते ते तर वेगळे झालेच, पण ज्यांचं कधी भांडण नव्हतं तेही झाले. कोणी बकऱ्यांच्या कोठ्यात चूल मांडली. एका म्हाताऱ्यानं म्हातारीपासून वेगळी मांडली, तर पोरं त्याला विचारायची, "काय गा बाबा, या वयात बायको सोडली काय?" तो म्हणायचा, "बायको नाही सोडली, तिच्या हातचं सोडलं. बरं वाटून राहिलं." पाहणी करायला गावातले काहीजण आणि ती बाई घरोघर जायची. चुलीत राख आहे का, भांडी काळी झाली आहेत का, बघायची. शेजारून राख आणून टाकणारेही होते.

त्या वर्षी माझा मुलगा दहावी होऊन घरी बसला होता. मोबाइल घेऊन दिवसभर पाण्याच्या टाकीवर. मी काही बोलत नव्हते, पण जाऊ माझ्या मनातलं वाचायची. एका सकाळी भाकरी थापता थापता म्हणाली, "तू वेगळी चूल मांड."

माझ्या हातातलं लाकूड तसंच राहिलं. "काहून बाई? मी काय केलं?"

"काही नाही केलं वं येडे. पोट्ट्याचा नंबर लागाले पाहिजे का नाही? माह्याचा लागला, तुह्याचा काहून राहावा? परसात एक चूल मांडू. ते पाहून गेले की पुन्हा अठीच बसू."

कोपऱ्यातून आत्या म्हणाली, "दाखवाची चूल कशी असते वं?"

"असते आत्या. अख्ख्या गावात हाय."

"त्याइनं देवाले सांगितलं नाही. चूल पेटली का देव बसते. त्याले काय सांगशील, खोटा खोटा बस म्हणून?"

जाऊ हसून म्हणाली, "तुमचा देव समजदार हाय आत्या. नातवासाठी थोडा सरकून बसन."

मीसुद्धा हसले. आत्या हसली नाही. संध्याकाळी म्हणाली, "पोरासाठी करता, करा. पण माह्या घरात करान तं खरं करान. मी लबाडी करून देवाजवळ जाणार नाही."

आम्हाला वाटलं, म्हातारीचं समाधान होऊ दे. दोन दिवसांनी परसातली पडवी सारवली. भुमका आला. आत्यानं जुन्या चुलीच्या मागची मूठभर माती काढून नव्या ओट्यात घातली. जाऊनं स्वतः खापरावर निखारे काढले आणि पडवीपर्यंत आणले. वाटेत चटका बसला तेव्हा म्हणाली, "आताच जाळून राहिली तुही चूल मले." आत्या पूर्वजांची नावं घेत होती, गोंडीत, हळू आवाजात. मग मला विचारलं, "करू ना?" मी जाऊकडे पाहिलं. तिनं मान हलवली, मीही हलवली. निखारे ठेवले, लाकूड धरलं.

पाहणीवाले आले. कंपनीच्या बाईनं मी फुंकणीनं चूल फुंकतानाचा फोटो काढला. मुलाचा नंबर लागला. तो नागपूरला गेला त्या दिवशी जाऊ मला म्हणाली, "झालं ना? मोड आता ते खेळणं."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी पूर्वीसारखी पीठ घेऊन जुन्या घरात गेले. आत पाय टाकणार तोच आत्या म्हणाली, "तठीच थांब."

मला वाटलं सारवलं असेल, ओलं असेल. मी थांबले.

"तू आता दुसऱ्या चुलीची हायेस. आत नको येऊ. अंगणात बस, चहा पी."

जाऊ आतून म्हणाली, "काय करता आत्या? पाहणी तं झाली."

"पाहणी तुमची झाली. देवाची काय पाहणी राहते? तो बसला तो बसला."

आत्या रागावलेली नव्हती. रागावली असती तर मी रडून पाया पडले असते. तिनं माझ्यासाठी अंगणात पोतं अंथरलं, पाण्याचा लोटा आणून दिला. पाहुणीला देतात तसा. माझ्या बापाची बहीण, जिनं मला अंगाखांद्यावर खेळवलं. मी लोटा हातात धरून तशीच बसले. आत जाऊचा आवाज चढलेला ऐकू येत होता आणि मी तिला सांगू शकत नव्हते की राहू दे बाई.

जाऊ गप्प बसणारी नव्हती. ती भुमक्याकडे गेली आणि म्हणाली, चूल मोडायची कशी ते सांगा. तो म्हणाला, "घर खुंटलं तं चूल मोडते. जितीजागती माणसं चूल कशी मोडतील?" तिनं फार धरलं तेव्हा तो म्हणाला की दोन चुलींची एक करता येते, पण मग सगळ्या भाऊबंदांना बोलवावं लागेल, देवाला सांगावं लागेल आणि गावालाही सांगावं लागेल. "मी खोटं सांगणार नाही बाई. दोनाची एक झाली तं एकच नंबर राहील. पोरगा वापस येईल."

जाऊ घरी आली आणि अंगणात माझ्या शेजारी बसली. मग म्हणाली, "पोट्ट्याचं शिक्षण होऊ दे. मग पाहू."

मुलाचं शिक्षण होईपर्यंत थांबायचं, असं आमचं ठरलं. सुरुवातीला ती भाजीची वाटी अंगणातून द्यायची, मी भाकरी द्यायचे. पण अंगणात बसून बोलणं चुलीजवळच्या बोलण्यासारखं होत नाही. भासरे जवळपास असायचे, मग पदर आणि मी गप्प. येणारे-जाणारे असायचे. पडवीत मी एकटीच चूल फुंकायचे. मनात आलेलं तसंच राहायचं आणि चार दिवसांनी सांगायला गेलं की त्यात काही राहिलेलं नसायचं. तिचंही तसंच होत असेल. नंतर आम्ही कामाचंच बोलायला लागलो. डाळ संपली, पाणी आलं, त्यांना ताप आहे.

भादव्यात नवा तांदूळ आला. नवं आधी देवाला दाखवायचं आणि मग घरच्यांनी एकत्र खायचं, हा आमचा नव्याचा मोठा दिवस. त्या वर्षी मी पडवीत माझ्या ओट्यापुढे पान वाढलं. नवरा म्हणाला, "मीठ दे." तेवढंच. पलीकडे त्यांच्या घरातून आवाज येत होते. मुलगा नागपूरला होता.

पुढं खदान वाढली आणि गाव उठलं. नवीन वस्तीत प्लॉट मिळाले, तेही चुलीमागे एक. चिठ्ठ्या टाकल्या. त्यांचा प्लॉट रस्त्याच्या बाजूला निघाला, आमचा मागच्या गल्लीत. आता तर अंगणही एक राहिलं नाही. आत्यानं त्या नव्या सिमेंटच्या घरात एक पावसाळा काढला आणि गेली. तिला देवात मिळवलं, म्हणजे वाडवडिलांत बसवलं, ते जाऊच्या चुलीमागे, थोरलं घर म्हणून. मी बाहेर उभी राहून पाहिलं. माझ्या ओट्यातली मूठभर माती तिच्याच हातची, पण ती तिकडे बसली आहे.

मुलाला हिंगण्याच्या बाजूला कारखान्यात काम मिळालं. त्याचं लग्न झालं, नातू झाला. नवऱ्याला धरमपेठेत एका इमारतीत पहारेकऱ्याचं काम मिळालं आणि आम्ही इथं आलो. वस्तीतल्या घराला कुलूप आहे, पण कंपनीच्या यादीत आमची चूल गावात मांडलेलीच आहे. येताना ओट्यातली माती एका मडक्यात आणली. ती गॅसच्या ओट्याखाली ठेवली आहे.

मागच्या आठवड्यात जाऊ डोळे दाखवायला आली. डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब घातले, तिला नीट दिसेना, म्हणून रात्री इथंच राहिली. किती वर्षांनी ती माझ्या घरी राहत होती. मी आत स्वयंपाक करत होते. ती भिंतीला धरत धरत आली आणि दारातच थांबली. सून शहरात वाढलेली, ती म्हणाली, "मोठ्या आई, आत या ना, गॅसजवळ गरम आहे म्हणून काय? पंखा लावते."

"नको वं बाई. अठीच बरं हाय."

"आई, त्यांना खुर्ची देऊ?"

"दे," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते? आत्या गेली तेव्हा वाटलं होतं की आता अडवणारं कोणी नाही. पण अडवणारं कोणी नसूनही तिनं उंबरा ओलांडला नाही, आणि मी ये म्हटलं नाही. म्हटलं असतं तर ती आली असती का, कोण जाणे. आम्हा दोघींनाही ते आता खरंच वाटतं. आधी आत्या एकटी मानायची, आता आम्ही मानतो.

दुसऱ्या दिवशी तिला दिसायला लागलं तर म्हणाली, गांधीबागेत जाऊ, सुनेला साडी घ्यायची आहे. तिथं ती पुन्हा पहिल्यासारखी झाली. दुकानदारानं भाव सांगितला तर म्हणाली, "साडी विकून राहिला का दुकान?" त्यानं हसून विचारलं, "तुम्ही दोघी बहिणी काय?"

"बहिणी असतो तं भांडलो असतो. जावा हाओत आमी."

"एकत्र राहता?"

जाऊ साडीचा काठ चिमटीत धरून पाहत राहिली. "ह्याचा रंग जाईल काय गा?" म्हणाली.

नंतर एका टपरीवर तर्रीपोहे घेतले. एकाच प्लेटमध्ये, दोन चमचे. ते कोणाच्याच चुलीवरचे नव्हते. तर्री तिखट होती, तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती म्हणत होती, डॉक्टरानं एवढं पाणी काढलं नाही. मला तेव्हा सुचलं. गर्दी होती, पण मला कोणी ओळखत नव्हतं. मी म्हणाले, "बाई, पोरगा कामाले लागला. आता चूल एक करू."

तिनं चमचा खाली ठेवला. "कोन्ती चूल वं? माही सून इंडक्शनवर करते. गावात लाईन गेली तं उपाशी बसतो."

"ते नाही. देव एक करू. आत्याच्या जवळ."

ती हसायची थांबली. "मले वाटलं तू कधी म्हणशीलच नाही," म्हणाली. आणि मग, "तुह्या नातवाचं काय?"

मला समजलं नाही.

"कोळसा अजून निघूनच राहिला. त्याच्या वेळेले बी चुलीमागे एक नंबर हाय. माह्या नातीचा एक, तुह्या नातवाचा एक. एक केली तं दोघांतला एक राहील. मंग कोणाले ठेवाचं घरी? तू सांग."

माझा नातू अजून पायरीवर चढतानासुद्धा हात धरतो.

"म्हातारीचं ऐकाले पाहिजे होतं," जाऊ म्हणाली. "मीच मोठी शहाणी. देव सरकून बसन म्हटलं. देव नाही सरकला, आपणच सरकलो."

मी तिला सांगितलं की ती चूल तिनं माझ्या मुलासाठी मांडली होती, तिचं त्यात काही नव्हतं. ते सांगताना माझा आवाज मोठा झाला असावा, कारण टपरीवाल्यानं वळून पाहिलं. तिनं माझ्या पाठीवर थाप दिली. "बोलली रे बापा! कोणी लिहून ठेवा."

मग तिनं गावचं सांगितलं. ती कंपनीची बाई आता मोठ्या हुद्द्यावर आहे, पण वर्षातून येते. आता दुसऱ्या गावातही खदान निघणार आहे आणि तिथंही चुलीमागेच वाटा द्यावा असं तिच्या मनात आहे. "मले विचारून राहिली, तुमची रीत कशी चालली, त्याइले काय सांगू."

"मग तुम्ही काय म्हटलं?"

"काही नाही म्हटलं."

"तुम्ही? अन् गप्प?"

"आता काय सांगू तिले? पोरं शिकले, टाकी झाली, घर पक्कं झालं. हे काय खोटं हाय? तिनं विचारलं ते सगळं चांगलंच झालं. जे झालं ते तिनं विचारलं नाही." मग म्हणाली, "तू असती तं काय म्हटलं असतं?"

"मी तं कधीच काही म्हणत नाही."

"हो वं. ते बी खरं हाय."

पण तेव्हापासून मी मनात त्या बाईशी बोलते आहे. तिला सांगावं की दुसऱ्या गावात जाशील तर त्यांची रीत विचार, चांगलं आहे, पण रीत घेण्याआधी तिच्यात काय काय गुंतलेलं आहे तेही विचार. बकरा वर्षातून एकदा कापायचे. एक वाटा जास्त मिळावा म्हणून कोणी घर तोडलं नव्हतं, कारण एवढ्याशा मांसासाठी कोण तोडेल? दरवर्षी येणारा, पोराचं आयुष्य बदलणारा वाटा त्या रीतीवर कधी ठेवलाच नव्हता. आम्हालाही ते माहीत नव्हतं. ज्यांची रीत त्यांनाच माहीत नव्हतं, तर तिला काय दोष द्यावा? हे सगळं मला त्या मोहाच्या झाडाखाली कळलं असतं तरी मी उठून बोलले नसते. पण जाऊला कानात सांगितलं असतं आणि ती बोलली असती.

संध्याकाळच्या उमरेडच्या बसला तिला बसवलं. खिडकीची जागा मिळाली. पिशवी मांडीवर, नवी साडी पिशवीच्या वर. मी खाली उभी. बस लवकर निघेना. ती कंडक्टरला बोलत होती, "निघतं का नाही गा? का सगळ्या नागपूरले घेऊन जातं?"

बस हलली तेव्हा तिनं खिडकीतून मान काढली. "नव्याले येजो वं! अंगणात मांडव टाकू, तठी बसू दोघी."

"येईन," मी म्हणाले. एवढ्या आवाजात तिला ऐकू गेलं नसेल, म्हणून पुन्हा मोठ्यानं म्हणाले.